कात्यायनी काय म्हणाली असती?

बृहदारण्यक उपनिषदात याज्ञवल्क्य आणि मैत्रेयी यांचा संवाद दोनदा येतो, दुसऱ्या अध्यायात आणि पुन्हा चौथ्यात. प्रसंग एकच. याज्ञवल्क्य घर सोडून निघाले आहेत आणि निघण्यापूर्वी मैत्रेयी व कात्यायनी या दोघी बायकांमध्ये वाटणी करून द्यावी असं त्यांच्या मनात आहे. मैत्रेयी वाटणी घेत नाही. ज्या धनाने मरण टळत नाही त्याचा उपयोग काय, असं विचारून ती त्यांच्याकडे ज्ञान मागते, आणि आत्म्याविषयी आपल्या परंपरेत जे बोललं गेलं त्यातलं फार मोलाचं काही तिथून पुढे येतं. कात्यायनी त्या बोलण्यात कुठेच नाही. चौथ्या अध्यायात तिची ओळख एका वाक्यात उरकली आहे: तिची समज सामान्य बायकांइतकी होती.

माझे मामा वाईला राहतात. आयुष्यभर त्यांनी कॉलेजात संस्कृत शिकवलं. शांकरभाष्य त्यांच्या रोजच्या वाचनातलं. मी सरकारी रुग्णालयात परिचारिका आहे, आणि संस्कृत जे काही येतं ते शाळेच्या सुट्ट्यांत त्यांच्याच ओट्यावर बसून शिकले. मामी गेल्या, मुलं परदेशी आहेत, आणि मामांनी या दिवाळीनंतर घर बंद करून नर्मदेकाठच्या एका आश्रमात कायमचं राहायला जायचं ठरवलं आहे. त्यावरून आमचं जे बोलणं झालं ते इथे मांडते आहे. मी त्यांच्याशी भांडले. पण त्यांचा मुद्दा मी कुठे दुबळा करून लिहिलेला नाही.

"मामा, याज्ञवल्क्य निघून गेल्यावर त्या गाई कुणी सांभाळल्या?" मी विचारलं.

"कोणत्या गाई?"

"जनकाच्या सभेतल्या. हजार गाई, प्रत्येकीच्या शिंगांना दहा-दहा पाद सोनं बांधलेलं. कुणी वाद घालायच्या आधीच त्यांनी शिष्याला सांगितलं, घराकडे हाकून ने म्हणून. वाटणी करण्याएवढी मालमत्ता त्यांच्याकडे आली ती अशीच ना? मैत्रेयीने ज्ञान घेतलं. उरला तो सगळा संसार कात्यायनीच्या गळ्यात पडला. तिला कुणी विचारलंही नाही."

"नाही विचारलं," मामा म्हणाले. "उपनिषद तिच्याकडे बघत नाही हे खरं आहे, आणि ते मला पूर्वीपासून सलतं. पण त्यावरून तू संन्यासाला दोष देऊ नकोस. याज्ञवल्क्य रात्रीतून पळाले नाहीत. सांगून, वाटणी करून निघाले. मनूनेही तेच म्हटलं आहे. ऋषींचं, पितरांचं आणि देवांचं अशी तीन ऋणं फेडावीत आणि मगच मोक्षाकडे वळावं. फेडल्यावाचून जो वळतो तो खाली जातो."

"आणि जाबालोपनिषद? ज्या दिवशी वैराग्य येईल त्याच दिवशी निघायची मुभा ते देतं. ब्रह्मचर्यातून, घरातून, वनातून, कुठूनही."

"देतं. आपलं शास्त्र एकमुखी नाही, आणि ते तसं नाही याचा मला आनंद आहे. पण वाटणी केली, ऋण फेडलं, म्हणून कुणी मुक्त होत नाही. माणूस मुक्त होतो तो कळल्यामुळे. याज्ञवल्क्य मैत्रेयीला काय सांगतात ते पाहा. नवरा, बायको, मुलं, धन, लोक, देवसुद्धा, आपल्याला जे जे प्रिय वाटतं त्या सगळ्याच्या प्रियपणाचं मूळ आत्म्यात आहे. वरवर ऐकलं तर हा शुद्ध स्वार्थ वाटेल. पण पुढे ते सांगतात की हा आत्मा म्हणजे तुझं-माझं शरीर नव्हे, नाव नव्हे, स्वभाव नव्हे. दुसरं काही आहे तोवर एक दुसऱ्याला पाहतो, ऐकतो, जाणतो. सगळंच आत्मा झालं की कोण कुणाला पाहणार? जो जाणणारा आहे त्याला जाणायचं कशाने?"

मामा हे सांगतात तेव्हा त्यांचा आवाज बदलतो. मी लहानपणापासून हे ऐकत आले आहे आणि अजूनही त्या ठिकाणी मला बोलवत नाही. थोड्या वेळाने त्यांनीच धागा पुढे नेला.

"आता कर्म म्हणजे काय? करणारा हवा, करायची वस्तू हवी, साधन हवं, फळ हवं. हे चार तुकडे वेगळे आहेत असं मानल्याशिवाय एक तांब्या पाणीसुद्धा भरता येत नाही. आणि ज्ञान म्हणजे हे तुकडे मुळात वेगळे नाहीत हे कळणं. शंकराचार्य म्हणतात, दोन्ही एका माणसात एका वेळी राहू शकत नाहीत. म्हणून ज्ञान आणि कर्म यांचा समुच्चय ते मानत नाहीत. कर्माने चित्त शुद्ध होतं. झालं, की त्याचं काम संपलं."

"ईशावास्याचं काय करता मग?" मी म्हटलं. "अठराच मंत्रांचं उपनिषद. पहिला मंत्र त्यागाचा. आणि त्याला लागून लगेच दुसरा, शंभर वर्षं कर्म करतच जगायची इच्छा धरावी असं सांगणारा. आचार्य म्हणतात पहिला मंत्र ज्ञान्यासाठी आणि दुसरा, ज्याला ते झेपत नाही त्याच्यासाठी. एका श्वासात म्हणायचे दोन मंत्र, आणि मध्ये ऐकणारा बदलला? मला ते कधीच पटलं नाही. मला तर वाटतं दोन्ही एकाच माणसाला सांगितलं आहे, आणि ते एकाच माणसाला सांगितलं म्हणूनच अवघड आहे."

"हे टिळकांचं म्हणणं."

"टिळकांचं आहेच."

गीतारहस्य आमच्या घरात दोन्ही बाजूंनी वाचलं गेलं आहे. 1908 साली राजद्रोहाच्या खटल्यात टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना मंडालेच्या तुरुंगात नेलं. तिथे 1910-11 च्या हिवाळ्यात त्यांनी हा ग्रंथ शिसपेन्सिलीने लिहून काढला. सुटून आल्यावर 1915 मध्ये तो छापला गेला. मधल्या काळात, 1912 साली, त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई इकडे वारल्या आणि ते तिकडे तुरुंगातच होते. कर्मयोगशास्त्र हे त्या ग्रंथाचं दुसरं नाव. संसार, राज्य, समाज यांचं काम ज्ञान झाल्यावरही सोडायचं नाही, हा गीतेचा खरा सांगावा आहे असं त्यांनी शेकडो पानांत मांडलं. ज्याला काही करायची मुभाच उरलेली नव्हती अशा माणसाने ते मांडलं, याचं मला फार वाटतं.

"टिळक मोठेच," मामा म्हणाले. "पण त्यांच्यासमोर झोपलेला देश होता. त्यांना गीतेतून जे हवं होतं ते त्यांना गीतेत दिसलं."

"आणि शंकराचार्यांना? त्यांच्यासमोर यज्ञकर्मालाच सर्वस्व मानणारे मीमांसक होते. प्रत्येकाच्या समोर कुणीतरी होतंच. शिवाय आचार्यांनी स्वतः काय केलं? देशभर फिरले, भाष्यं लिहिली, वाद केले, शिष्य घडवले. परंपरा तर सांगते की संन्यासाचे नियम बाजूला ठेवून त्यांनी आपल्या आईचं अंत्यकर्म स्वतः केलं आणि तेव्हा भाऊबंद त्यांच्या मदतीला आले नाहीत. कर्म सोडलेल्या माणसाचं हे आयुष्य आहे?"

"याचं उत्तर त्यांनीच दिलं आहे. ज्ञानी माणसाकडून लोकांसाठी जे घडतं ते कर्म नव्हेच, कारण तिथे कर्ता उरलेला नसतो. भगवंतांचं कर्म जसं, तसं ते."

"मग भांडण राहिलं कुठे? तुमचा ज्ञानी राबताना दिसतो, माझा कर्मयोगीही राबताना दिसतो."

"भांडण त्याच्या अलीकडे आहे," मामा म्हणाले. "ज्याला ज्ञान झालेलं नाही, म्हणजे तू आणि मी, तो जेव्हा म्हणतो की मी निष्काम कर्म करतो, तेव्हा त्यातल्या 'मी'चं काय? तुला एक सांगतो. तुझी मामी अंथरुणाला खिळली तेव्हा मी सगळं केलं. आंघोळ घातली, भरवलं, कपडे बदलले. लोक यायचे आणि म्हणायचे, असा नवरा मिळायला पुण्य लागतं. ते ऐकायला मला बरं वाटायचं. पुढेपुढे एखाद्या पाहुण्याने ते म्हटलं नाही तर खटकायचं. मी स्वतःला सांगत होतो की यात फळाची आशा नाही. पैसा नव्हता, ती बरी होणार नव्हती, मग कसलं फळ? पण फळ मिळतच होतं. मी चांगला नवरा आहे, हे ते फळ. आचार्य बोट ठेवतात ते इथे. कर्म चालू आहे तोवर आतला कर्ता जेवत राहतो. त्याला निष्काम म्हटलं म्हणून तो उपाशी राहत नाही."

एवढं त्यांनी पूर्वी कधी सांगितलं नव्हतं. पण मी गप्प बसले नाही, कारण मामींची पाठ मी पाहिली होती.

"मामा, लकवा झालेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते. रात्रीसुद्धा. नाहीतर माकडहाडावर, टाचांवर कातडी आधी लाल होते, मग काळी पडते, फुटते, आणि जखम हाडापर्यंत जाते. भरपूर माणसं असलेल्या वॉर्डांतही बेडसोर होतात. मामींना एकही झाला नाही. दोन तासांनी तुम्ही उठत होतात. उठताना तुमच्या मनात काय होतं याने मामींच्या पाठीला काही फरक पडला नाही. तुम्ही कर्माची किंमत करणाऱ्याच्या मनावर ठरवता. ज्याच्यासाठी केलं त्याच्या बाजूने एकदा तरी बघा."

"आचार्य कर्माला वाईट म्हणत नाहीत. त्याने मोक्ष मिळत नाही, एवढंच म्हणतात."

"मामींना त्या क्षणी मोक्ष नको होता. कूस बदलून हवी होती."

"बरोबर आहे," ते म्हणाले. "पण आता तू मला सांग. तूच मागे सांगितलं होतंस, ज्या सिस्टरला वाटतं की माझ्यावाचून या वॉर्डातलं पान हलत नाही, तिचं पुढे काय होतं?"

मी ते सांगितलं होतं, आणि ते खरं आहे. अशी सिस्टर आधी सगळ्यांत चांगली असते. मग पेशंट तिचा होतो. तिने सांगितलेलं नातेवाइकांनी ऐकलं नाही तर तिला अपमान वाटतो. मावशींनी चादर नीट घातली नाही तर ती ओरडते. पेशंट दगावला तर ती एकतर मोडून पडते किंवा दगड होते. आणि मग एका रात्री बेल वाजते आणि ती उठत नाही. म्हणजे करणाऱ्याचं मन एका रात्रीपुरतं पाहिलं तर पेशंटच्या पाठीपर्यंत पोचत नाही, पण काही वर्षांत पोचतं. मामांचा मुद्दा मला इथे प्रथमच माझ्या कामाच्या भाषेत कळला. आतला कर्ता फुगत गेला की शेवटी त्याची झळ ज्याच्यासाठी केलं त्यालाच बसते. आत्मज्ञानाची चर्चा म्हणजे रिकामपणाची चैन, असं मी अनेकदा बोलून गेले आहे. ती तशी नाही.

तरीही कर्ता सुटावा म्हणून कर्म सोडणं, हे मला पटेना. मी महाभारताकडे वळले.

"शांतिपर्वाची सुरुवात आठवा. युद्ध जिंकून युधिष्ठिर म्हणतो, मला राज्य नको, मी वनात जातो. भाऊ समजावतात, द्रौपदी बोल लावते. आणि कोण पुढे येतं? अर्जुन. ज्याने गीतेच्या दुसऱ्या अध्यायात म्हटलं होतं की गुरूंना मारण्यापेक्षा भीक मागून जगणं बरं, तोच अर्जुन आता थोरल्या भावाला सांगतो की भीक मागायला जाऊ नकोस. त्यासाठी तो जनकाची गोष्ट सांगतो. जनकाने राज्य सोडलं, डोकं मुंडलं, आणि मूठभर धान्यावर राहू लागला. त्याची राणी त्याला एकांतात गाठून झापते. सगळं सोडलंस म्हणतोस, मग या मुठीची आशा का उरली? हजारोंना पोसणारा तू आता पोटासाठी दुसऱ्याच्या दारात. तुझी आई तुझ्या जिवंतपणी निपुत्रिक झाली आणि तुझी बायको नवरा असून पोरकी."

मामा हसले नाहीत. "हीच तुझी कात्यायनी," ते म्हणाले.

"हो. उपनिषदात जी बोलली नाही ती महाभारतात बोलली असं मी मानते. आणि मामा, आश्रमात भात कुणीतरी शिजवणारच ना?"

"शिजवणार. म्हणून तर शास्त्राने संन्याशाला कितीतरी बंधनं घातली. चूल विझल्यावर जावं, मिळेल ते खावं, साठवू नये. त्याचा भार कुणा एकावर पडू नये यासाठीच ते आहे. पण तू जनक काढलास तर मीही जनकच काढतो. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात कर्मानेच सिद्धीला पोचलेला म्हणून ज्याचं नाव येतं, कर्मयोग्यांचा तो आदर्श. त्याच शांतिपर्वात भीष्म सुलभेची कथा सांगतात. मिथिलेचा एक जनक, धर्मध्वज त्याचं नाव. म्हणायचा, मी छत्र-सिंहासनावर बसूनही मुक्त आहे. सुलभा नावाची एक भिक्षुणी हे ऐकून त्याची परीक्षा घ्यायला आली. योगबळाने तिने त्याच्या चित्तात प्रवेश केला. आणि हा मुक्त राजा चिडला. तू कोण, कुणाची, कोणत्या जातीची, हे तुला शोभतं का, असं भर सभेत विचारू लागला. सुलभेने शांतपणे त्याचं एकेक वाक्य सोडवलं. तुझ्यात आणि दुसऱ्यात एकच आत्मा पाहत असशील तर तू कोण आणि कुणाची हे विचारतोस कसा? आणि राजा म्हणून स्वतंत्र आहेस म्हणतोस, पण झोपायला, जेवायला, बोलायलासुद्धा तुला दुसऱ्यांच्या तंत्राने चालावं लागतं. जनकाकडे उत्तर नव्हतं. घरात राहून मुक्त असल्याचं म्हणणं किती सोपं आहे, ते या गोष्टीत आहे."

ही गोष्ट मी मामांकडूनच प्रथम ऐकली होती. आपल्याकडे कीर्तनांत जनक नेहमी येतो, सुलभा मात्र क्वचितच भेटते. तिने लग्न केलं नाही, योग्य वर मिळाला नाही असं ती सरळ सांगते, एकटी फिरते, आणि राजाला तर्कशास्त्र शिकवते. मला ती मैत्रेयीपेक्षाही जवळची वाटते.

"पण सुलभेचा वार तुमच्यावरही बसतो," मी म्हटलं. "ती जनकाला राज्य सोड म्हणत नाही. 'मी मुक्त' ही घोषणा ती मोडते. भगवी वस्त्रं घालून 'मी सोडलं' म्हणणाऱ्याला तिने वेगळं काय विचारलं असतं?"

"तेच विचारलं असतं," मामा म्हणाले.

यानंतर आम्ही एका वेगळ्याच प्रश्नात शिरलो, आणि तो मला टाळता आला नसता. कर्तव्य करत राहा असं मी म्हणत होते, पण कुणाचं कर्तव्य कोणतं हे ठरवतं कोण? गीता तिसऱ्या अध्यायात आणि पुन्हा अठराव्यात सांगते की दुसऱ्याचा धर्म चांगला आचरता आला तरी त्यापेक्षा आपला उणा असलेला धर्म बरा. हे वाक्य शतकानुशतकं वर्णाच्या चौकटीत वाचलं गेलं. डॉ. आंबेडकरांनी गीतेवर कठोर टीका केली ती यासाठीच की तिने चातुर्वर्ण्याला तत्त्वज्ञानाचा टेकू दिला. आमच्या रुग्णालयात मलमूत्र कोण उचलतं आणि ते काम पिढ्यान्‌पिढ्या कोणत्या घरांत राहिलं आहे, हे मी रोज पाहते. त्या माणसाला स्वधर्म म्हणून निष्ठेने कर म्हणण्याचा अधिकार मला नाही.

मामांनी धर्मव्याधाची आठवण काढली. वनपर्वातला मिथिलेचा तो खाटीक, ज्याच्याकडे कौशिक नावाच्या तपस्वी ब्राह्मणाला धर्म शिकायला जावं लागतं, आणि तेही एका गृहिणीने पाठवल्यामुळे. ज्ञान जातीवर नाही, असं महाभारत इथे स्पष्ट सांगतं.

"सांगतं," मी म्हटलं, "पण ज्ञान देऊनही व्याध दुकानातच राहतो, आणि ते पूर्वजन्माचं फळ आहे असं तो स्वतःच म्हणतो."

"आणि संन्यासाचा अधिकारही आचार्यांच्या परंपरेने सगळ्यांना दिला नाही," मामा आपणहून म्हणाले. "दोन्ही दारांवर राखणदार होते. तुझ्याही आणि माझ्याही."

महाराष्ट्राला हे राखणदार चांगले ठाऊक आहेत. आपेगावचे विठ्ठलपंत काशीला गेले, संन्यास घेतला, आणि घरी बायको आहे हे कळल्यावर गुरूंनी त्यांना परत पाठवलं. ते आळंदीला पुन्हा संसाराला लागले. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ता अशी चार मुलं झाली. संन्याशाची पोरं म्हणून समाजाने त्या घराला वाळीत टाकलं, आणि परंपरा सांगते की प्रायश्चित्त म्हणून विठ्ठलपंत आणि रुक्मिणीबाईंनी देह सोडला. आधी बायकोला सोडल्याचा दोष, मग संन्यास सोडल्याचा. एकाच माणसाला शास्त्राच्या दोन्ही काठांनी कापलं.

"आणि त्यांचाच मुलगा 1290 साली नेवाशाला गीतेवर बोलतो," मामा म्हणाले. "सहाव्या अध्यायाची सुरुवात तुला माहीत आहे. फळावर न विसंबता जो करायचं ते काम करतो तोच संन्यासी आणि तोच योगी. अग्नी विझवला, काम थांबवलं, म्हणून कुणी संन्यासी होत नाही. ज्ञानदेव यावर म्हणतात की योगी आणि संन्यासी हे दोन नव्हेत. एकाच माणसाला दोन नावांनी हाक मारावी तसं ते आहे. मी हे वाचतो तेव्हा मला दर वेळी विठ्ठलपंत आठवतात. त्यांना ही सवलत कुणी दिली असती तर, असं वाटतं."

मी मामांकडे पाहत राहिले. शांकरभाष्याची बाजू घेऊन बसलेला माणूस माझ्या बाजूचं सगळ्यांत मोठं प्रमाण स्वतःच पुढे ठेवत होता.

"मग तुम्ही जाताय कशाला?" मी विचारलं.

"अठराव्या अध्यायात त्यागाचे तीन प्रकार आहेत. सतरा अध्याय ऐकूनही अर्जुन पुन्हा विचारतो की संन्यास आणि त्याग यांत फरक काय, म्हणजे हा प्रश्न त्याचाही सुटलेला नव्हता. मोहाने काम सोडणं तामस. कष्ट होतात म्हणून सोडणं राजस. करायचं म्हणून करून त्यातली आसक्ती आणि फळ सोडणं सात्त्विक. यज्ञ, दान, तप तर सोडूच नयेत. मी रोज स्वतःला विचारतो, माझं जाणं यातलं कोणतं? राजस नाही असं छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. हे घर मला खायला उठतं. पण इथे राहणं तरी सात्त्विक आहे का? इथे मी कुणाचा तरी सर आहे, कुणाचा तरी मामा आहे, गावात मान आहे. तो सगळा कर्त्याचा खुराक आहे. जिथे मला कुणी ओळखत नाही तिथे तो खुराक तुटेल, एवढीच माझी आशा."

मी त्यांना माझ्या शिफ्टचं सांगितलं. सकाळी आठला मी पुढच्या सिस्टरला चार्ज देते. कोणत्या खाटेवर कोण, कुणाला कोणतं इंजेक्शन द्यायचं राहिलं, कुणाचं ड्रेसिंग, कुणाची लघवी कमी झाली. सही करते आणि निघते. रात्रभर ज्याच्यासाठी जीव टाकला तो माणूस आता तिच्या ताब्यात. चार्ज नीट दिला नाही तर तो पळपुटेपणा. देऊनही मन तिथेच घुटमळलं तर पुढच्या रात्री मी निकामी. सात्त्विक त्याग मला कळला असेल तर तो एवढाच कळला आहे, आणि तो रोज नव्याने करावा लागतो. एकदा मोठा करून संपवता येत नाही.

"याज्ञवल्क्यांनी वाटणी केली तो चार्जच म्हण मग," मामा म्हणाले.

"फक्त ज्याला दिला त्याला विचारून द्यायला हवा होता. तेवढं एक सोडलं तर मला त्यांच्याशी भांडायचं नाही."

मामांना अजून एक सांगायचं होतं. आश्वमेधिक पर्वात, राज्य स्थिर झाल्यावर, कृष्ण द्वारकेला निघायच्या आधी अर्जुन त्याला म्हणतो की रणांगणावर तू जे सांगितलंस ते मी विसरलो, पुन्हा सांग. कृष्ण नाराज होतो. तेव्हा मी योगात होतो, तसंच्या तसं आता सांगता येणार नाही म्हणतो, आणि अनुगीता सांगतो.

"पाहिलंस?" मामा म्हणाले. "युद्धात आणि राज्यात ज्ञान टिकलं नाही. गीता ऐकलेल्या माणसाचं टिकलं नाही, तर आपलं काय? म्हणून मोकळीक लागते."

"मला उलट दिसतं. त्याला राजवाड्यात बसून विसरल्याचं कळलं, आणि तिथेच बसून त्याने पुन्हा विचारलं. घर सोडल्यावर विसरणारे कमी असतात का?"

"कमी नसतात. पण शेवटी पाचही पांडव आणि द्रौपदी सगळं टाकून उत्तरेकडे निघालेच."

"36 वर्षं राज्य करून. परीक्षिताला गादीवर बसवून. कुणाला काय सोपवायचं ते सोपवून."

"मी सोपवलं आहे," मामा म्हणाले. "पुस्तकं पाठशाळेला दिली. घराच्या किल्ल्या तुझ्याकडे."

त्यावर मला बोलता आलं नाही. ज्याच्या अंगावर आता कुणाचा भार नाही त्याला मी कात्यायनीच्या नावाने अडवत होते, आणि कात्यायनीच इथे असती तर तिने त्यांना जायला सांगितलं असतं असं मला वाटतं. पण एक शंका उरली होती, ती विचारून घेतली.

"तिथे आश्रमात कुणी अंथरुणाला खिळला, तर त्याची कूस बदलाल?"

"बदलीन. आणि बघायला कुणी नसेल तर जास्त चांगली बदलीन."